लंबूताईच्या फ्री थ्रोचा साचा

लंबूताईचं काम पुतळे बनवायचं. चौकातले नव्हेत, कपड्यांच्या दुकानात काचेमागे साड्या-शर्ट घालून उभे असतात ते. शाळा सुटली तशी ती त्या पुतळ्यांच्या कारखान्यात चिकटली. मग लग्न झालं, लेक झाली, नवरा गेला, पण हातातली कानस काही सुटली नाही. लोक माणसाचा चेहरा बघतात, ही खांदा बघायची. बँकेत कर्जासाठी गेली तर साहेबालाच म्हणाली, "तुमचा डावा खांदा उतरलाय, घासून घ्या." लेक आजही ते आठवून लाजते.

आणि दुसरं वेड बास्केटबॉल. ताडमाड उंची, त्यामुळे कामगार बायकांच्या टीममध्ये ती पहिल्यापासून. संध्याकाळी कारखाना सुटला की हाताची पुट्टी खरवडत थेट कोर्टवर. टीममधल्या बाकीच्या बायका बदलत गेल्या, कुणाचे गुडघे गेले, कुणी आजी झाली, ही आपली तिथंच.

पण त्या वर्षी तिचा फ्री थ्रो, म्हणजे फाउल झाल्यावर लाईनवरून एकटीनं टाकायचा बॉल, बिघडला. बॉल दर वेळी रिंगच्या उजव्या कडेला आपटून बाहेर. शेवटी टीमचे सर बोलले.

"ताई, राग मानू नका, पण तुमचा फ्री थ्रो म्हणजे लॉटरी झालीय. रविवारी मी नव्या पोरीला उतरवतो."

"आणि मी काय करू, पाणी वाटू?"

"शनिवारपर्यंत सुधारा. मग तुम्हीच खेळाल."

ताई हसली, पण वरवरच. या वयात एकदा बाकावर बसलेली बाई परत उठत नाही, हे तिनं बाकीच्यांचं बघितलेलं होतं. आणि कोर्ट गेलं तर तिच्याकडे काय राहणार, ते बिनडोळ्यांचे पुतळे?

लेकीनं मोबाईलवर तिचं शूटिंग घेतलं आणि थांबवून थांबवून दाखवलं. "हे बघ आई, डावा हात नुसता आधाराला ठेवायचा ना? तुझा डावा अंगठा शेवटी बॉलला ढकलतोय. म्हणून उजवीकडे जातो. आणि उजवं कोपर बघ, कसं बाहेर उघडलंय."

"छे. कॅमेरा वाकडा धरलास तू."

"हो ना, कॅमेरा वाकडा, रिंग वाकडी, अंगण पण वाकडं."

"मला आतून सरळ वाटतंय ना पण! चित्रात काय कळतंय, वस्तू हातात धरून बघितली पाहिजे."

आणि ती खरंच तसंच करायला निघाली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात, पुतळ्यांचे डोळे-ओठ रंगवणाऱ्या रंगारीकाकांना तिनं कामाला लावलं. ती बॉल सोडतानाच्या पोझमध्ये उभी राहिली, दोन्ही हात वर, उजवं मनगट पुढं वाकलेलं, आणि काका तिच्या हातांवर, खांद्यांवर ओल्या प्लॅस्टरच्या पट्ट्या गुंडाळत गेले.

"ताई, श्वास घेत राहा, नाहीतर मला आयताच तयार पीस मिळायचा."

"तुमचं तोंड पण बंद करू का प्लॅस्टरनं?"

वाळताना प्लॅस्टर गरम होतं. ताईला ते सवयीचं होतं, पण या वेळी ऊब आत आत गेल्यासारखी वाटली. साचा कापून काढला तेव्हा हवा लागून तिचे हात एकदम गार पडले.

साच्यात फायबर भरलं, पीस निघाला. डोकं नाही, पाय नाहीत, नुसती छाती, खांदे आणि खांद्याशी फिरवून बसवलेले, वर गेलेले दोन हात. आणि काय सांगू, लेक खरं बोलत होती. डावा अंगठा पुढं ढकललेला. कोपर उघडं.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? कोर्टवर जाऊन स्वतःचा अंगठा आवरला असता. पण पीसमध्ये खोट दिसली की कानस उचलायची, ही ताईची जित्याची खोड. विचार करायच्या आतच तिनं त्या पुतळ्याचा अंगठा घासून मागं घेतला, पॉलिश पेपर मारला, हात झटकले.

त्या संध्याकाळी कोर्टवर पहिलाच बॉल सरळ जाळीत. मग दुसरा. मग सगळेच. सर शिट्टी तोंडात तशीच ठेवून बघत राहिले. ताई तर लहान पोरीसारखी नाचली. फक्त घरी आल्यावर ब्लाउजचं बटण काढताना तिला डावा अंगठा जाणवेना. म्हणजे दिसत होता, हलत होता, पण बटणाचा स्पर्श त्याला कळत नव्हता.

"प्लॅस्टरनं बधिर झाला असेल," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पुतळ्याचं कोपर करवतीनं कापून आत वळवलं आणि पुट्टीनं बसवलं. संध्याकाळी तिचं स्वतःचं कोपर जणू कुणी बोट धरून आणल्यासारखं बॉलच्या बरोबर खाली आलं. फार सुंदर शॉट जायला लागला तिचा, बघणाऱ्याच्या अंगावर काटा यावा इतका सारखा, प्रत्येक शॉट आधीच्याची नक्कल. पण घरात शिरताना तिचं कोपर दाराच्या कडीवर आपटलं आणि तो आवाज लेकीनं स्वयंपाकघरातून ऐकला. ताईला पत्ताच नाही. बाही ओली लाल दिसली तेव्हा तिनं खाली बघितलं.

लेकीचा चेहरा पांढरा पडला. "आई, तो पीस फोडून टाक."

"रविवारनंतर."

"आत्ता."

"अगं, एक मॅच. एक मॅच खेळू दे मला, मग तुझ्या हातानं फोड."

रंगारीकाकाही कुरकुरले. "ताई, त्या पीसला रंग द्यायला मला सांगू नका. काल त्याच्या मनगटाला हात लावला, गरम होतं."

"उन्हात ठेवला असेल कुणीतरी."

"त्या खोलीला खिडकी कुठंय?"

ताईनं शनिवारी सगळे फ्री थ्रो घातले आणि सरांनी नाव लिहिलं. पण जाता जाता ते म्हणाले, "सगळं झक्कास, फक्त एकच. बॉल सुटला की तुम्ही हात लगेच पाडता. आत पडेपर्यंत वरच ठेवायचा."

झालं. रविवारी सकाळी सुट्टीच्या रिकाम्या कारखान्यात जाऊन तिनं पुतळ्याच्या खांद्याच्या सांध्यातली फट रेझिननं गच्च भरली. हे रेझिन दुपारपर्यंत दगड होतं. मॅच दुपारीच होती.

पहिल्या हाफमध्ये ताई मस्त खेळली. दुसऱ्या हाफमध्ये तिचे हात जरा जड दिसायला लागले, पास घ्यायला उशीर होत होता, पण ती हसतच होती. अगदी शेवटी तिनं रिंगखालून बास्केट मारलं, स्कोअर बरोबरीत आला, आणि वर फाउल मिळाला. म्हणजे एक फ्री थ्रो. जिंकायला एवढाच लागत होता.

ताई लाईनवर उभी राहिली. गुडघे वाकले, कोपर खाली आलं, बॉल सुटला. रिंगला न शिवता आत. शिट्टी झाली, सगळ्या बायका ओरडत धावल्या, तिच्या गळ्यात पडल्या, सर तिची पाठ थोपटत होते. ताई आनंदानं रडत होती.

लेक गर्दीतून वाट काढत जवळ आली. आईचे हात अजून वरच होते. उजवं मनगट पुढं वाकलेलं, डावा पंजा उघडा.

"आई, जिंकलीस गं. हात खाली घे आता."

"घेतलेत की," आपण डोळे पुसतोय अशा समजुतीत ताई म्हणाली. गालांवरचं पाणी तसंच वाहत राहिलं.

पुतळ्याचा वर अडकलेला हात काढायचा तर खांद्यापाशी अर्धा फेरा द्यायचा असतो, कारखान्यात वाढलेल्या लेकीला हे माहीत होतं. तिनं आईच्या खांद्याला हात लावला. खांदा गार होता, आणि फिरवायची तिची हिंमत होईना.