सहामाहीचा शेरा

दरवर्षी जूनमध्ये आम्ही दोघं एका फुटबॉल टीमचं सहामाही प्रगतिपुस्तक भरायचो. दोघं म्हणजे मी आणि दादा. दादा माझा सख्खा भाऊ नाही. मी नाशिकहून मेलबर्नला नोकरीला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात ऑफिसच्या लिफ्टमध्ये तो फोनवर कुणाला तरी 'जय भीम' म्हणाला, आणि माझा मजला आला तरी मी उतरले नाही. "तुम्ही कुठले?" मी विचारलं. "पिंपरीचा," तो म्हणाला, "आणि ते 'तुम्ही' ह्या लिफ्टमध्येच ठेवून जा. मला तू म्हण. घरातला समज." मी समजले. माझी ही जुनी खोड आहे, कुणी समज म्हटलं की मी समजते.

ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड त्यानंच मला लावलं. ज्यांनी तो खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मैदान क्रिकेटचं, चेंडू अंड्याच्या आकाराचा, माणसं एका वेळी छत्तीस, आणि दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेनं पार केला की सहा गुण. नेम चुकून तो बाजूच्या खांबांमधून गेला तरी एक गुण मिळतो. थोडक्यात हुकलेल्याच्या हातावरही काहीतरी ठेवतात, हे मला फार आवडलं. बारावीनंतर माझं मेडिकल असंच थोडक्यात हुकलं होतं, तेव्हा मला कुणी एक गुण दिला नव्हता.

टीम त्याची, म्हणून माझीही. तिचं नाव इथे सांगत नाही. जी काही थोडी अब्रू उरली आहे ती राहू दे. दादा टीमबद्दल बोलताना कायम 'आपण' म्हणायचा. आपण जिंकलो, आपण हरलो, आपला बचाव ढिसाळ आहे. एकदा आमचा मुख्य फॉरवर्ड लंगडत बाहेर गेला तेव्हा दादा इतक्या कळवळून "आपला गुडघा गेला" म्हणाला, की वहिनी आतून बामची बाटली घेऊन धावत आली.

मेलबर्नमध्ये मला चार वर्षं होत आली तेव्हा दादाला जर्मनीत चांगली नोकरी मिळाली. माझे तिथे कायम राहण्याचे कागद अर्ध्यावर आले होते. "चल," तो म्हणाला, "आपण जाऊ. एकाच गावात राहू. इथे एकटी काय करशील?" वहिनीही तेच म्हणाली. आईला फोन केला तर ती म्हणाली, "दादा आहे ना बरोबर? मग जा." मी अर्ज मागे घेतला, जर्मनीत नोकरी शोधली आणि बॉबलिंगेनला आले. त्याच्या घरापासून दोन बसस्टॉपवर घर घेतलं. ह्याला आता सहा वर्षं झाली. इथे मला दुसरं कुणी नाही, असं मी कधी म्हटलं नाही, कारण म्हणायची वेळच आली नाही.

मेलबर्नचे दुपारचे सामने इथे सकाळी, नाश्त्याच्या वेळी दिसतात. शनिवारी त्याचं काही नाही, पण रविवारी इथे सक्तीची शांतता असते, रूहेत्साइट. पहिल्याच वर्षी दादाच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दारावर चिठ्ठी लावली: रविवारी सकाळी आपल्या घरात कुणाचा छळ होत असेल तर पोलिसांना कळवू का? छळ होतच होता, टीमकडून आमचा. तेव्हापासून आम्ही सोफ्याच्या उशा तोंडावर दाबून ओरडायला शिकलो.

प्रगतिपुस्तकाची कल्पना माझी. मोसमाच्या मध्यावर प्रत्येक टीमला एक आठवडा सुट्टी असते आणि त्या आठवड्यात तिचे चाहते तिची चिरफाड करत बसतात. आपण ती शिस्तीत करू, असं मी म्हटलं. वहिनीनं पुण्याहून येताना अप्पा बळवंत चौकातून कोरी प्रगतिपुस्तकं आणली, निळ्या पुठ्ठ्याची. गणिताच्या जागी आम्ही 'किक' लिहायचो, विज्ञानाच्या जागी 'झेल', भूगोलाच्या जागी 'आपण मैदानात कुठे उभे आहोत हे कळणे'. हजेरी, वर्तणूक आणि शेरा हे रकाने छापलेलेच होते. वर्गशिक्षक म्हणून दादा सही करायचा, पालक म्हणून मी.

तीन वर्षांपूर्वी आमचा एक तरुण खेळाडू दुसऱ्या टीमकडे निघून गेला. दादानं वर्तणुकीसमोर लाल पेनानं लिहिलं, 'अत्यंत असमाधानकारक. पालकांनी ताबडतोब भेटावे.' दोन दिवस तो नीट जेवला नाही. "केसानं गळा कापला त्यानं," म्हणत घरभर फिरत होता. शेवटी वहिनी म्हणाली, "अरे, तू ह्या जगात आहेस हेसुद्धा त्याला माहीत नाही."

ह्या वर्षी मोसमाची सुरुवात झकास झाली. ओळीनं तीन सामने जिंकलो आणि दादानं फायनलच्या गोष्टी सुरू केल्या. मग ये रे माझ्या मागल्या. हातातले सामने शेवटच्या पाच मिनिटांत घालवायचे, ही आमची जुनी कला, ती परत आली. आणि बरोबर सुट्टीच्या आठवड्यात एका पत्रकारानं बातमी फोडली की आमचा कॅप्टन मोसम संपल्यावर पश्चिमेला, आपल्या गावच्या टीमकडे चाललाय. सही त्यानं एप्रिलमध्येच केली होती. आणि एप्रिलपासून प्रत्येक मुलाखतीत छातीवर हात ठेवून सांगत होता, अजून काही ठरलेलं नाही.

मी रागानं नुसती फणफणत होते. शनिवारी सकाळी बेकरीतून गरम ब्रोटशन, म्हणजे इथले छोटे पाव, घेतले आणि दादाकडे गेले. आज लाल पेनाची शाई संपणार, ह्याची मला खात्री होती. वहिनीनं पोहे केले होते. किक आणि झेल ह्यांचे गुण आम्ही पटापट भरले, भूगोलात टीमला नापास केलं. मग वर्तणूक आली.

"ब लिही," दादा म्हणाला.

"ब? दादा, गद्दार आहे तो. दोन महिने सगळ्यांच्या तोंडावर खोटं बोलला."

"आल्झो," जर्मन 'हे बघ'नं सुरुवात करत तो म्हणाला, "तू जरा त्याच्या साइडनी पण बघ ना. त्याची फॅमिली तिकडे आहे. माणूस घरी जातोय. त्यात गद्दारी कसली?"

"जाऊ दे की. पण सांगून जावं."

"मिड-सीझन सांगून काय करणार होता? सगळ्यांचा मूड गेला असता. तो योग्य टाइम बघत असेल."

तीन वर्षांपूर्वी न जेवलेला माणूस हाच का, असं मला वाटलं. पण मी मनातल्या मनात त्याचं कौतुक केलं. वयानं माणूस समंजस होतो, माझ्यात तेवढी समज नाही, असं म्हणून मी मुकाट्यानं 'ब' लिहिलं. किती मूर्ख असावं माणसानं!

शेवटचा रकाना होता, दुसऱ्या सत्राकडून अपेक्षा. "अपेक्षा नाही, असं लिही," मी म्हटलं. दादा हसला. सकाळपासून पहिल्यांदा तो मोकळा झाला, आणि तिथेच त्याची जीभ घसरली.

"असं कसं? लास्ट मॅच आपल्या होमग्राउंडवर आहे. बघच तू. आम्ही गोलपोस्टच्या मागेच बसू, एकदम पुढे."

खांबांच्या मागे बसून सामना बघायचा, हे आमचं जुनं स्वप्न. सहा वर्षं तो दर मोसमात म्हणत आला होता, एकदा आपण सुट्टी काढून जाऊ, आपण एकदम पुढे बसू. वाक्य तेच होतं, एक शब्द तेवढा बदलला होता. तो इंग्रजीत 'वी' म्हणाला असता तर मी पोहे खात राहिले असते. जर्मनमधल्या 'विअर'मध्येही सगळे मावतात. मराठीत मावत नाहीत. 'आपण'मध्ये मी असते आणि 'आम्ही'मध्ये नसते, हे आपल्याकडे दोन वर्षांच्या पोरालाही कळतं.

"आम्ही म्हणजे कोण?" मी विचारलं.

दादा पेनाचं टोपण लावत बसला. ते लागलेलंच होतं. वहिनी चहा घेऊन आली, तिनं आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं आणि ट्रे तसाच हातात धरून म्हणाली, "अरे, तू अजून सांगितलं नाहीस हिला?"

मग तिनंच सांगितलं. दादाला मेलबर्नला जुन्याच कंपनीत वरची जागा मिळाली होती. ऑगस्टपासून रुजू व्हायचं होतं. इथल्या नोकरीचा राजीनामा देऊन झाला होता, घराची क्युंडिगुंगही गेली होती, म्हणजे घरमालकाला सोडत असल्याची नोटीस. मुलीची शाळासुद्धा ठरली होती. वहिनी खाली मान घालून बोलत होती. तिला वाटत होतं मला ठाऊक आहे, आणि मी दुखावले असेन म्हणून विषय काढत नाही. दोन महिने ती माझ्या समजूतदारपणाचं कौतुक करत होती म्हणे.

तेवढ्यात त्यांची दहा वर्षांची मुलगी खोलीतून आली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. माझ्या खुर्चीला रेलून तिनं विचारलं, "आत्या, डू कॉम्स्ट डोख आउख मिट, ओडर?" आत्या, तू पण येतेयस ना? त्या घरात मला धरून चालणारं एवढं एकच माणूस होतं.

मी मनात महिने मागे नेले. एप्रिलमध्ये आम्ही गावातला छोटा हॉल घेऊन जयंती केली होती. खुर्च्या मांडताना दादा म्हणाला होता, "पुढच्या वर्षी आपण मोठा हॉल घेऊ." हे 'आपण' त्यानं माझ्या तोंडावर म्हटलं होतं, हातात निळ्या पताका धरून.

"जयंतीच्या वेळी तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"या," तो म्हणाला.

जर्मन होकाराचा 'या' होता तो. इथे सगळ्यांच्याच तोंडी बसलाय, माझ्याही. पण त्या क्षणी माझ्या कानांनी तो मराठीत ऐकला, पाहुण्याला दारातून निरोप देताना म्हणतात तसा. मी उठले, चपला घातल्या आणि निघाले. पालकांची सही कोरी राहिली.

त्या आठवड्यात आईचा नेहमीसारखा फोन आला. "दादा बरा आहे ना?" तिनं विचारलं. "बरा आहे," मी म्हटलं. तो बराच होता.

तो जाणार म्हणून मी त्याच्यावर चिडले नाही. नोकरीसाठी माणसं जातात, मीही नाशिक सोडलंच होतं. त्यानं मला चाहत्यांच्या गर्दीत नेऊन बसवलं, ह्याचा मला संताप होता. कॅप्टननं टीव्हीवरून सगळ्यांना फसवलं, तसं त्यानं मला समोर बसवून, पोहे खाऊ घालून फसवलं. आणि वर माझ्याच हातानं 'वर्तणूक: ब' लिहून घेतलं.

जुलैअखेर ते निघाले. जायचं नाही असं ठरवलं होतं, तरी प्रवासासाठी थालीपिठं करून घेऊन गेले. दादानं निळं प्रगतिपुस्तक माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याकडे राहू दे," म्हणाला. "रागावलीस का गं?" मी नाही म्हटलं. एप्रिलपासून त्याचं खोटं चाललं होतं, माझं एक त्यात खपून गेलं.

ऑगस्टमधला शेवटचा सामना शनिवारी सकाळी होता. मी माझ्या घरी एकटीनं बघितला. फायनलच्या शर्यतीतून टीम केव्हाच बाहेर पडली होती, तरी मेली त्या दिवशी जीव तोडून खेळली. शेवटच्या मिनिटाला बरोबरी होती आणि आमच्या कॅप्टनची किक थोडक्यात हुकली, बाजूच्या खांबांमधून गेली. एक गुण मिळाला. त्या एका गुणानं टीम जिंकली. मी उशी तोंडावर दाबून ओरडले. मग लक्षात आलं, शनिवार आहे, आणि माझ्या खालच्या मजल्यावर कुणी राहतही नाही.

पाच मिनिटांत फोन वाजला. दादाचा फोटो होता, गळ्यात टीमचा स्कार्फ, मागे ते पांढरे खांब. एकदम पुढे बसले होते. खाली लिहिलं होतं, 'आपण जिंकलो!!!'

मी 'हो रे दादा' लिहिलं आणि खोडलं. मग नुसतंच 'हो' लिहिलं, तेही खोडलं. इथे माझ्या ऑफिसात मोठ्या माणसानं एकदा 'डू' म्हणायची, म्हणजे अरे-तुरे करायची मुभा दिली, की ती कुणी परत करत नाही. तसं करणं मोठा अपमान मानतात. लिफ्टमध्ये त्यानं ठेवायला लावलेलं ते 'तुम्ही' मला आठवलं. दहा वर्षं मी ते परत घ्यायला गेले नव्हते.

'अभिनंदन,' मी लिहिलं. 'तुम्ही जिंकलात.'

दोन निळ्या खुणा लगेच उमटल्या. मराठी त्याला माझ्याइतकीच कळते.