पिवळ्या गाडीतली साडूची जागा

माझा साडू आणि मी एकाच टायरच्या दुकानात कामाला होतो. मी चाकं वाहायचो, तो नट आवळायचा. चाक उचलायला पाठ लागते, नट आवळायला पाना पुरतो. तरी नाव त्याचंच.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची एक पिवळी, बुटकी, दोन दारांची गाडी होती. उभी असली तरी पळतेय असं वाटायचं. थंडी आली की तिचे उन्हाळी टायर काढून थंडीचे घालायचे, ऊन तापलं की परत उन्हाळी. आमच्याकडे रीत होती : ज्यानं नट आवळले त्यानं गिऱ्हाइकाशेजारी बसून एक चक्कर मारायची. चाक निखळलं तर आपण आत असलो पाहिजे, म्हणजे हात कसूर करत नाही. त्यामुळे साडू गाडीत आणि मी माळ्यावर चाकं रचतोय. आयत्या बिळावर नागोबा!

घरी बायको विचारायची, "भाऊजी पिवळ्या गाडीतून गेले म्हणे. तुम्ही कुठं होतात?"

"चाकांखाली."

एकदा थंडीच्या तोंडावर बाई आल्या, कडेवर बाळ. साडूला म्हणाल्या, "मिस्त्री, सारखं टायर बदलायला यायचं आता जमत नाही. बाराही महिने चालणारे बारमाही टायर घालू का? की गाडीची मजा जाईल?"

बारमाही घातले की साडूची चक्कर संपली. मी चाक धरून तिथंच थांबलो. खोटं बोल, मनात म्हटलं. एकदा तरी खोटं बोल, म्हणजे घरी सांगायला मला काहीतरी मिळेल.

त्यानं जुन्या टायरवरून हात फिरवला. "मजा थोडी जाईल. उन्हाळी टायर तापल्या रस्त्याला घट्ट धरतो, ब्रेक लवकर लागतो. पण गारठ्यात त्याचं रबर कडक होतं, मग घसरतो. बारमाही कशातच पहिला नाही, पण आपल्याकडच्या थंडीला पुरतो. बाळ घेऊन फिरायचं तर बारमाहीच घाला. उन्हात पुढच्या गाडीपासून जरा लांब राहा, एवढंच."

खोटं नाहीच बोलला. मेला!

बारमाही चढवले. मग त्यानं पाना माझ्या हातात दिला. "आज नट तुम्ही आवळा, साडूबुवा. आणि चक्करही तुम्हीच मारा. शेवटची आहे."

मी सगळा जोर लावला. पाना कुरकुरला.

"अहो, हळू! नट आहे तो, माझा गळा नव्हे."

त्यानं ते ढिले करून माझ्याकडूनच पुन्हा बेतानं आवळून घेतले. मग मी बसलो. सीट जमिनीला टेकल्यासारखी. वळणावर मी दाराची मूठ धरली. परतलो तर तो फाटकाशी उभा.

"कशी वाटली?"

"वळणावर जरा मऊ."

"तेवढी असणारच," म्हणाला आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत तिकडेच बघत राहिला.

घरी बायको दारातच. "भाऊजींनी आपली जागा तुम्हाला दिली म्हणे! काय मोठं मन हो त्यांचं!"

पाठ माझी, नट माझे, चक्कर माझी. आणि कौतुक त्याचं.