मागच्या चाकांवर नजर असलेले दादा

लोक देवावर ठेवतात त्याहून अधिक श्रद्धा माझ्या आतेभावाने मोटारीच्या मागच्या चाकांवर ठेवली. पुढची चाकं गाडी वळवतात हे त्यांना मान्य होतं, पण गाडी रस्त्यावर टिकते ती मागच्या चाकांमुळे, आणि कोल्हापुरातल्या निम्म्या गाडीवाल्यांना हे कुणी सांगितलेलंच नाही, असं त्यांचं ठाम मत. आम्ही त्यांना दादा म्हणतो. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. गारगोटीच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि निवृत्तीनंतर कसबा बावड्यात राहायला आले. मोटारदुरुस्तीचं शिक्षण शून्य. पण पोरांच्या वहीतल्या वाकड्या रेघा बघता बघता त्यांची नजर अशी काही तयार झाली होती की, पुढे चाललेल्या गाडीची पाठ बघून तिचं दुखणं ते सांगायचे.

रस्त्यात उभी असलेली कुठलीही गाडी दिसली की दादा तिच्या डिकीवर दोन्ही तळवे ठेवून दाबणार आणि सोडून देणार. "एकदा वर येऊन गप बसली तर बरी. तीनदा डुलली की शॉकअप गेला समजायचं," हा त्यांचा हिशेब. एकदा एका घरी आम्ही समाचाराला गेलो होतो. अंगणात चार-पाच गाड्या उभ्या होत्या. आत बायका रडत होत्या आणि बाहेर दादा एकेका गाडीला दाबून बघत होते. निघताना त्यांनी गेलेल्या माणसाच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "जे झालं ते झालं. पर तुमच्या गाडीचा उजवा शॉकअप तेवढा बघून घ्या." त्या मुलाने मान डोलावली. पुढे त्याने तो बदललाही. गाडीत दादा पुढे कधी बसत नसत. मागे, डाव्या चाकाच्या बरोबर वर, डोळे मिटून. गारगोटीच्या रस्त्याला एकदा माझ्या बायकोला वाटलं, त्यांना गाडी लागली. तिने काळजीने विचारलं तर म्हणाले, "ऐकाय लागलोय. जरा बोलू नका."

माझी गाडी सतरा वर्षांची. तिला अलीकडे एक विचित्र खोड लागली होती. वळणावर पुढचा भाग वळायचा आणि मागचा जरा विचार करून मग यायचा. सरळ रस्त्यावरसुद्धा स्टिअरिंग किंचित तिरकं धरावं लागे. शाहूपुरीतल्या एका गॅरेजात तीनदा अलाइनमेंट करून घेतली, टायर नवे टाकले, उपयोग शून्य. दादांना मात्र मी विचारलं नाही. मी कॉलेजात प्राध्यापक. माझ्या दारात, माझ्या गाडीखाली, माझा भाऊ बनियनवर झोपलेला शेजाऱ्यांनी बघावा, हे मला नको होतं. असं मी कुणाला बोललो नाही, पण मनात होतं ते हेच.

एका रविवारी सकाळी दादा न बोलावताच आले. गाडी दोन पावलं पुढे घ्यायला लावली आणि म्हणाले, "थांब. पाणी आण." त्यांनी गल्लीत चार बादल्या पाणी ओतलं, त्यातून मला गाडी सरळ पुढे न्यायला सांगितली आणि कोरड्या डांबरावर उमटलेल्या ओल्या रेघांपाशी उकिडवे बसले. "बघ की. मागचं चाक पुढच्याच्या वाटंवर पडंना. ही गाडी खेकड्यागत चालती. तू पुढचं स्टिअरिंग नीट करत बसलास, आणि दुखणं हाय मागं." मग त्यांनी पायजमा गुडघ्यापर्यंत गुंडाळला, सदरा काढून फाटकावर टाकला, मागची बाजू जॅकने उचलून खाली लाकडी ठोकळे लावले आणि पहार घेऊन गाडीखाली गेले.

त्याच दिवशी दुपारी आमच्या मुलीच्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडची मंडळी येणार होती. दुपारी येणारी मंडळी अकरालाच आली. मुलाचे वडील गाडीतून उतरले. त्यांना आमच्या गाडीखालून बाहेर आलेले दोन काळेकुट्ट पाय दिसले आणि त्यांनी सहज विचारलं, "हे कोण?"

"मेकॅनिक आहेत," मी म्हणालो. "आज रविवारीच मिळाले."

गाडीखालचा पहारीचा आवाज थांबला. दादा सरपटत बाहेर आले. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाले, "साहेब, डाव्या बाजूचा रबरी बुश पार फाटलाय. त्यामुळं मागचा अख्खा ॲक्सल सरकतोय. वळणाला मागचं चाक मनानंच वळतंय बघा." एवढ्यात बायको पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. ती तोंड उघडणार तोच दादा म्हणाले, "वहिनीसाहेब, हात धुवायला पाणी मिळंल काय?" तिने आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरलेलो नाही. दादांनी गाडी ठोकळ्यांवरून खाली घेतली, पायरीवर बसून चहा घेतला, कप स्वतः विसळला, तिथेच पालथा ठेवला आणि सायकलवरून निघून गेले. आत बैठकीत लग्न ठरलं.

गॅरेजात बुश बदलून घेतल्यावर गाडी सुतासारखी सरळ चालू लागली. तीच घेऊन मी माफी मागायला बावड्याला गेलो. मी विषय काढायच्या आत तेच म्हणाले, "लग्नाला मी येत न्हाय. आलो की तू खोटा पडशील, त्येबी पोरीच्या सासरच्यांम्होरं. मी अक्षता हितनंच टाकतो." आवाजात राग नव्हता. गाडीचं दुखणं सांगावं तसं सांगितलं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला आधी सुटल्यासारखं वाटलं. ते वाटलं म्हणून मग जी लाज वाटली, ती मी गाडीपाशी जे बोललो त्याच्या लाजेपेक्षा मोठी होती.

दुसऱ्या दिवशी मी व्याह्यांकडे जाऊन सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "आम्हाला तेव्हाच कळलं होतं. तुम्हा दोघांचं नाक एक आहे. परत जाताना गाडीत आमच्या हिनेच म्हटलं. तुमचं आपसात काही बिनसलं असेल, म्हणून आम्ही बोललो नाही." आणि पुढे म्हणाले, "त्यांना आणणार असाल तर आणा, नाहीतर आम्ही जातो बोलवायला."

मी तिथून थेट बावड्याला गेलो. "सांगितलंस व्हय?" दादा म्हणाले. "मग काय, येतो की." आणि आले. कडक इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसले. जेवणाआधी व्याही दिसेनात म्हणून शोधायला गेलो, तर दोघं कार्यालयाच्या अंगणात वऱ्हाडाच्या गाड्या दाबत फिरत होते.

पूर्वी दादा आमच्याकडे कधीही, न सांगता यायचे. फाटकाची कडी वाजली की बायको चहाला आधण ठेवायची. आता आधी फोन येतो. "यीऊ काय रं? कोण पावणं न्हाईत न्हवं?"

"असले तरी या की, दादा," मी दर वेळी म्हणतो.

ते हसतात आणि पुन्हा विचारतात, "पर हाईत काय?"