कोपरा उडालेला दात

लवंगेचा वास आला की आईची पितळी डबी आठवते आणि माझं डोकं तापतं. शेगावहून आणलेल्या त्या डबीत तिनं दादाचे पडलेले दुधाचे दात दोन लवंगांसोबत कापसात जपले होते. माझा समोरचा दात पडला, तेव्हा मीही तो तिच्यापुढे धरला. हापशीवर आपटून त्याचा कोपरा उडाला होता. "फेक टिनावर, उंदीर नवा देते," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "मंग दादाचे काऊन ठेवले?" "तो पोरगा हाय वं. पोरीचे दात कोन ठेवते?" मी अंगणात गेले, छपराच्या टिनावर दाताऐवजी खडा फेकला आणि दात गुपचूप डबीत सरकवला. परवा आईनं ती डबी नव्या वहिनीपुढे उघडली. दात सगळे एकसारखे पिवळे पडलेले. त्यातला नेमका कोपरा उडालेला उचलून ती कौतुकानं म्हणाली, "हा तुह्या नवऱ्याचा. पाय, कसा मोत्यावानी!" मी म्हणाले, "आई, तो माहा हाय." तिनं दात निरखला आणि माझ्या हातावर ठेवला. "मंग तुह्या घरी घेऊन जाजो." माझं लग्न अजून ठरलेलंही नाही.