अक्काच्या अंगातली ऊब

जानेवारीतल्या त्या सकाळी धुळ्याहून नानांचा, माझ्या मेहुण्यांचा, फोन आला. "तुनी अक्का उठस नही वं. बठ्ठं आंग थंडं शे." मी जळगावहून पोहोचले तेव्हा अक्का दवाखान्यात होती. श्वास चालू होता, पण माझी हाक तिच्यापर्यंत जात नव्हती...

एरंडोलला असताना पद्मालयाच्या गणपतीला पायी निघालो की माझी ही थोरली बहीण सगळ्यांच्या पुढे असायची. चाळिशीनंतर मात्र ती धुळ्याच्या मे महिन्यात स्वेटर घालून बसू लागली. शेजारणी म्हणायच्या, बाई सुस्तावली. तिलाही तेच वाटायचं. शेवटी रक्त तपासलं, तेव्हा थायरॉइड निघालं. डॉक्टरांनी समजावलं, "पेशीपेशीत मायटोकॉन्ड्रिया असतात, अन्नातून शक्ती तिथे तयार होते. त्यांना कामाला लावणारं हार्मोनच तुमच्यात कमी आहे. आळस नाही हा, अक्का." तेव्हा ती दवाखान्यातच रडली होती.

गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांनी तिचा फोन आला, "आज गच्चीवर गेले गं, मध्ये न बसता." पुढची वर्षं चांगली गेली. इतकी चांगली, की आपण बऱ्या झालो असं तिला वाटू लागलं. गेल्या पावसाळ्यात कुणा नातेवाइकाने काढा दिला आणि गोळ्या सोडायला सांगितलं. नाना विनवत राहिले, मी फोनवर भांडले. "माले काय व्हयेल शे? ठणठणीत शे मी," म्हणाली. थंडीत छातीत कफ झाला, आणि थकलेल्या शरीराला तो पेलवला नाही.

दवाखान्यात मी गरम पाण्याची पिशवी तिच्या पायांशी ठेवायला गेले, तर नर्सने हात धरला. "वरून शेकू नका ताई, बीपी आणखी पडेल." माझी बहीण गार पडत चालली होती आणि मला तिला ऊबही देता येत नव्हती. डॉक्टर म्हणाले, "हार्मोन शिरेतून दिलंय, पण पेशींना वेळ लागतो. तेवढा वेळ हृदयाने काढला पाहिजे." मी तिच्या पांघरुणाची टोकं घट्ट धरून बसले... हृदयाने तेवढा वेळ काढला नाही.

परवा धुळ्याला राहिले. सकाळी मी चहाचं आधण ठेवलं, तर नाना म्हणाले, "थांब जरासं." गोळीनंतर अर्धा तास अक्काला चहा चालत नसे, म्हणून तेही तिच्यासोबत थांबायचे. तिने गोळ्या सोडल्या, तसा दोघांचा चहा उठल्याउठल्या होऊ लागला होता. आता नाना पुन्हा थांबतात. मी गॅस बंद केला आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले.