जिवंत माणसांचे जबडे

माझ्या बाबांनी आयुष्यभर लोकांच्या कवळ्या केल्या. डॉक्टर नव्हते ते. डॉक्टर असते तर दवाखान्यात बसले असते आणि आमची पुढची खोली आम्हाला राहिली असती. ते कारागीर. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, बाबा त्या मापात प्लास्टर ओतायचे, की पांढराशुभ्र जबडा तयार. मग त्यावर मेण लावून एकेक दात रचायचा, घासायचा, पुन्हा बसवायचा. कवळी झाली की ती डॉक्टरांकडे जायची आणि जबडा आमच्या घरी राहायचा.

का राहायचा, तर कवळी कधी हातातून पडून फुटली तर त्या माणसाला परत तोंड वासून बसवायला नको. जबडा असला की त्यावरून नवी करता येते. बाकीचे कारागीर वर्षभर ठेवायचे आणि टाकून द्यायचे. आमच्या बाबांचं सगळंच जगावेगळं. त्यांचा नियम असा, की जिवंत माणसाचा जबडा फोडायचा नाही. एकेचाळीस वर्षांत एक फोडला नाही.

मेलेल्यांचे मात्र फोडायचे. सकाळी चहाबरोबर पेपरातल्या निधनाच्या बातम्या वाचायच्या. ओळखीचं नाव दिसलं की कप खाली ठेवायचे, खोकं शोधायचे, जबडा टबात ठेवून वर ओलं फडकं टाकायचे, म्हणजे धूळ उडत नाही, आणि हातोडीचा एकच ठोका. "गेले बिचारे. वरचे पुढचे सहा फार छान रचले होते मी." एवढं बोलून हात धुवायचे आणि उरलेला चहा प्यायचे. दादाला आणि मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं करतात.

सात वर्षांपूर्वी बाबांचे डोळे अधू झाले. काम सुटलं, पेपर सुटला. तेव्हापासून आमच्या घरी कोणी मेलंच नाही. जबडे होते तिथे राहिले. बुटांच्या खोक्यांत, कॉटखाली, कपाटावर, मोरीच्या माळ्यावर, आणि पुढच्या खोलीत तर भिंतीच दिसत नव्हत्या. पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या बोळात दोन्ही बाजूंनी कमरेइतकी खोकी. त्याच बोळात तीन आठवड्यांपूर्वी आईचा पाय एका खोक्यात अडकला आणि ती पडली. खुब्याचं हाड मोडलं.

ऑपरेशन नीट झालं. सोमवारी हॉस्पिटलची एक बाई घर बघायला आली, हातात मोजायची टेप घेऊन. बोळात टेप धरली आणि माझ्याकडे बघितलं.

"वॉकरला तीन फूट वाट लागते. इथे दीड आहे," ती म्हणाली. "आणि आजींची कॉट कुठे लावणार?"

"पुढच्या खोलीत," मी म्हटलं.

"कुठली पुढची खोली?"

तिने डोकावून पाहिलं, वही बंद केली. "शुक्रवारी सकाळी येते परत. तोवर झालं तर दुपारी आजी घरी. नाही झालं तर शुश्रूषा केंद्रात पाठवावं लागेल. तिथे एक कॉट राखून ठेवलीय."

"तिथून घरी कधी?"

"घर झालं की," ती म्हणाली. अशी घरं तिने बरीच पाहिली असावीत. चेहऱ्यावर काही नव्हतं.

आईला सांगितलं. मला वाटलं रडेल, निदान बाबांच्या नावाने बोटं मोडेल. तिने नुसती चादर नीट केली. "बघा काय जमतंय ते," म्हणाली, आणि डोळे मिटले.

मी एका मोठ्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. दिवसाला दोन हजार चादरी माझ्या डोळ्यांखालून जातात. घरी गेल्यावर मला स्वतःचा टॉवेल वाळत घालायचा कंटाळा येतो. पण चार दिवस रजा टाकली आणि माहेरी येऊन राहिले. दादाला फोन केला, तो दुसऱ्या देशात. "अगं कचऱ्याची गाडी बोलाव आणि विषय संपव," म्हणाला. याचं काय जातंय? फोनवरून घर रिकामं करणं फार सोपं असतं.

मंगळवारी सकाळी पहिलं खोकं उचललं, तर बाबा दारात आडवे.

"ठकू, आधी बघ माणूस आहे का गेलाय."

"बाबा, अहो सहाशे माणसं आहेत!"

"मग सहाशे वेळा बघ."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण यांच्याशी वाद घालायचा तर त्याच्यातच शुक्रवार उजाडला असता. प्रत्येक जबड्याच्या बुडाला पेन्सिलीने नाव, डॉक्टर आणि साल. बाबांच्या जुन्या वहीत त्यातल्या काहींचे फोन नंबर. बसले फोन घेऊन. काय विचारायचं? नमस्कार, आपण आहात का? निम्मे नंबर बंद. एका घरी सूनबाईंनी उचलला. "सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली. त्यांची कवळी आहे अजून, पाठवू का?" मी म्हटलं, नको हो बाई, आमच्याकडे घरात पाय ठेवायला जागा नाही. एक रिटायर्ड पोस्टमास्तर निघाले, ते असे भडकले की मी फोन कानापासून लांब धरला. "जिवंत आहे का म्हणून विचारतेस? आहे! बापाला सांग, अजून दहा वर्षं फोन करू नकोस म्हणावं!" बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा खुलला. "बघ, आवाज किती स्पष्ट. एक शब्द फुसका येत नाही. खालची कवळी घट्ट बसलीय त्याची."

संध्याकाळपर्यंत अकरा मेलेले सापडले. बाबांनी अकराही जणांना ओल्या फडक्याखाली निरोप दिला. बोळ वीतभर रुंद झाला. माझा घसा बसला होता, पाठ धरली होती, आणि मनातल्या मनात मी त्या केंद्रातल्या कॉटवर चादर घालायला लागले होते.

बुधवारी सकाळी एक कल्पना सुचली. बरेचसे जबडे ज्यांच्या पेशंटचे, ते म्हातारे डॉक्टर अजून होते. म्हटलं, त्यांना विचारावं कोण गेलं, कोण आहे, एकगठ्ठा काम होईल. फोनवर सगळं ऐकून ते खो खो हसले.

"अगं, मेला काय नि जिवंत काय! पाच-सात वर्षांनी तो जबडा कुणाच्या कामाचा? दात गेले की हिरडी झिजत जाते, हाड खाली बसतं. पंधरा वर्षांपूर्वीच्या मापावर आज कवळी केली तर तोंडात टिकायची नाही."

"मग बाबांना कोणीतरी सांगा ना हे!"

"त्यांना काय सांगायचं? मला त्यांनीच शिकवलंय."

मी फोन ठेवला. खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या बापाचा भयंकर राग आला. बाबा खिडकीशी त्यांच्या कामाच्या स्टुलावर बसले होते, मांडीवर खोकं घेऊन.

"हे सगळे जबडे फुकट आहेत," मी म्हटलं. "एकावरूनही कवळी होणार नाही. तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. धंदाच आहे तो माझा."

"मग आई त्यात पडली कशासाठी? कालचा अख्खा दिवस मी घसा फोडून घेतला कशासाठी?"

त्यांनी मांडीवरचं खोकं खाली ठेवलं. मग म्हणाले, "डॉक्टरच्या दारावर डॉक्टरची पाटी असते. माणूस हसतो, जेवतो, लग्नाच्या फोटोत दात दाखवतो, आणि म्हणतो, डॉक्टरांनी कवळी छान केली. मला त्यातला एक माणूस ओळखत नाही, ठकू. रस्त्यात समोरून आला तरी नाही. मी ओळखतो त्यांना. कोण उजवीकडेच चावतो, कोण झोपेत दात खातो. हे टाकलं तर मी केलं काय एवढी वर्षं?"

रागही पुरता गेला नव्हता आणि त्यांच्याकडे बघवतही नव्हतं. मी खाली फरशीवर बसले. एवढंच म्हटलं, "बाबा, आई केंद्रात जाईल हो."

ते उठले, मोरीतून टब आणला, फडकं भिजवलं.

बुधवारची दुपार आणि गुरुवारचा सगळा दिवस आम्ही तेच केलं. आधी मी बुडाचं नाव वाचायची, ते जबडा हातात फिरवायचे, अंगठा हिरडीवरून न्यायचे आणि काहीतरी सांगायचे. ही गाणं शिकवायची, हवा सुटता कामा नये म्हणून तीनदा बदलली. हा फार कटकट्या, दात पिवळेच पाहिजेत म्हणाला, खरे वाटले पाहिजेत. वीस-पंचवीस झाल्यावर म्हणाले, "आता नावं वाचू नकोस." मग मी वाचली नाहीत. नुसती हातोडी, फडकं पिळायचं, पोतं भरायचं, पोतं खाली न्यायचं. पांढरा चुरा नखांत, केसांत, पाण्याच्या तांब्यात. बाबांचे हात थरथरायला लागले की हातोडी मी घ्यायची, माझी कंबर मोडली की ते घ्यायचे. कोणी कोणाला बस म्हटलं नाही. जेवणं उभ्याउभ्या झाली, काय खाल्लं तेही आठवत नाही.

गुरुवारी दुपारी आईचा जबडा निघाला. तिला कवळी बसली तेव्हाचा. बाबांनी बूड न बघताच ओळखला. थोडा वेळ धरून बसले, मग टबात ठेवला, वर फडकं नीट पसरलं, आणि हातोडी माझ्याकडे दिली. "तू मार," म्हणाले. मी मारली.

शुक्रवारी सकाळी ती बाई आली. बोळात टेप धरली, पुढच्या खोलीत गेली, खिडकीजवळची कॉट हलवून बघितली. "अरे वा," एवढंच म्हणाली आणि सही केली. ती गेल्यावर बाबा आणि मी भिंतीला टेकून खाली बसलो आणि किती वेळ तसेच बसून राहिलो. भिंत हिरवी होती. मला आठवतच नव्हतं.

दुपारी गाडी आली. दोन माणसांनी आईला खुर्चीवरून वर आणलं, वॉकर हातात दिला आणि ती माणसं गेली. आई एकेक पाऊल टाकत बोळातून आली. कुठे अडली नाही, कुठे टेकली नाही. पुढच्या खोलीच्या दारात येऊन थांबली.

बाबा तिच्या मागून येत होते. पहिल्या नंबराचं बक्षीस घरी आणावं तसा चेहरा. "बघ," म्हणाले, "सगळे काढले. एकसुद्धा ठेवला नाही. तुझा पण नाही."

आई खोली बघत राहिली. चारी भिंती, मग कोपरे, मग फरशी.

"किती दिवस लागले?" तिने विचारलं.

"दीड," मी म्हटलं. मलाही तेव्हा अभिमानच वाटत होता, खोटं का बोलू? "मंगळवार फोनांत फुकट गेला. बुधवारी दुपारी हात घातला आणि काल संध्याकाळी संपलं."

"दीड दिवस," आई म्हणाली.

"बस ना आता. दमली असशील."

ती बसली नाही. "माझी आई शेवटच्या आजारात म्हणाली होती, मला तुझ्याकडे ने. चार महिने म्हणत होती."

बाबांना वाटलं ती काहीतरी भलतंच बोलतेय. "अगं, त्याचं आता काय?"

"मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, आणायला काय हरकत आहे, पण कॉट कुठे मावणार? मी बघितलं, खरंच मावत नव्हती. मग मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, असू दे." आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दीड दिवसाचं काम होतं. मला वाटायचं, हे कधी होण्यासारखंच नाही."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, जणू मी काहीतरी सांगेन. आजी गेली तेव्हा मी चांगली बावीस वर्षांची होते. जागा नाही, हे मीही मान डोलावून ऐकलं होतं. कधी कोणी मोजून पाहिलं नाही.

मी आईला धरून कॉटवर बसवलं. तिने पाय वर घेतले, भिंतीकडे तोंड केलं. तिची कॉट खिडकीपाशी होती. शेजारी आणखी एक सहज मावली असती.