वेदीचित्राची मागची बाजू दाखवणारे परेरा सर

बस्त्याव परेरा सर यंदा साठ वर्षांचे झाले. त्यांच्या गौरवग्रंथात एका सुतारानेही लिहावे, असा त्यांच्या विद्यार्थ्यांनी आग्रह धरला, म्हणून हे धाडस करतो आहे.

आठ वर्षांपूर्वी मी आखातात, अल कुसैसमधल्या एका कंपनीत प्रदर्शनांसाठी मंच आणि चौकटी बनवत असे. एकदा युरोपातून लाकडी पेटीत बंद केलेले एक वेदीचित्र आले. चर्चच्या वेदीमागे उभे करण्यासाठी मध्ययुगातल्या एका गॉथिक चित्रकाराने ते लाकडी फळ्यांवर रंगवले होते. अशी पेटी आली की दिवसभर बंदच ठेवायची असते, म्हणजे लाकूड आतल्या हवेला सरावते. मला हे माहीत नव्हते. आमच्या मॅनेजरला होते. तरी तो घाईत “यल्ला, खोलो” म्हणाला आणि मी झाकण काढले.

दुसऱ्या दिवशी मारियामातेच्या निळ्या झग्यावर रंगाचे पापुद्रे उठलेले दिसले. मेस्त्रीने कुणालाही न विचारता पेटी उघडली, असे मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितले. आता गावी परतायचे, हे मी धरूनच चाललो.

चित्राच्या जतनाची जबाबदारी परेरा सरांकडे होती. सर मूळ वसईचे; हे काम ते इटलीत शिकून आले होते. पेटी कोणी उघडायला लावली, असे त्यांनी मला बाजूला नेऊन विचारले. मॅनेजरचे नाव घ्यायची माझी हिंमत झाली नाही. त्यांनी पुन्हा विचारले नाही; पहाऱ्यावरच्या माणसाकडे चौकशी केली आणि घडले ते अहवालात लिहिले. पेटी आली तेव्हा आपण स्वतः हजर नव्हतो, ही आपली चूक, हेही लिहिले. मॅनेजरने ते वाक्य ठेवून बाकीचे काढायला सांगितले. सर एवढेच म्हणाले, “रिपोर्ट बदलणार नाही.”

माझी नोकरी वाचली. सरांना मात्र त्या कंपनीने पुढे दोन वर्षे काम दिले नाही.

ते पापुद्रे बसवायला चार दिवस लागले. सर बारीक ब्रशने सरस सोडत आणि मी दिवा धरून उभा राही. तिसऱ्या दिवशी त्यांनी चित्राची मागची बाजू मला दाखवली. तिथे रंग नव्हता; फळी तासताना पडलेले तासणीचे वार उघडे होते.

“मेस्त्री, चित्रकाराचं नाव सगळ्यांना ठाऊक आहे. ह्या सुताराचं कुणी लिहून ठेवलं नाही. पण फळी बघा, सहाशे वर्षांत वाकली नाही.”

हे काम मला शिकता येईल का, असे मी चाचरत विचारले. सकाळी सातला या, आणि येताना चहा आणा, इथला चहा फार वाईट असतो, असे सर म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सर कामगारांच्या कॅम्पमधल्या आमच्या माणसांना वेदीचित्रे दाखवायला नेतात. चित्रातला सोन्याचा मुलामा पाहून रत्नागिरीच्या गणपतने एकदा विचारले, देवाला एवढे सोने कशाला लागते? सर बराच वेळ विचार करून म्हणाले, “चित्रकारालाही हा प्रश्न पडला असेल.” माझ्या प्रश्नांवर डॅडी एवढा विचार कधीच करत नाहीत, अशी तक्रार बरोबर आलेल्या त्यांच्या लेकीने तिथेच इंग्रजीत केली.

नुकतेच सरांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले. महिनाभर विश्रांतीची ताकीद असताना आठव्या दिवशी ते कार्यशाळेत खुर्ची टाकून बसले आणि उरलेल्या डोळ्याने आमच्या चुका काढू लागले. सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, त्यांचा हात असाच स्थिर राहो. आणि निदान हे उरलेले तीन आठवडे तरी त्यांनी डॉक्टरांचे ऐकावे, ही आम्हा सर्वांची मनापासून इच्छा.